वेइन्ते आन्योस : वीस वर्षांपूर्वीचं प्रेम परत मागणारं क्युबन गाणं

निळावंती

गेलेल्या माणसाची आठवण काढणारी गाणी पुष्कळ आहेत. 'वेइन्ते आन्योस', म्हणजे 'वीस वर्षं', या स्पॅनिश गाण्यातला माणूस मात्र कुठे गेलेलाच नाही. ती त्याच्याशी थेट बोलते आहे. संपलंय ते त्याचं प्रेम, आणि ही अजून तिथेच उभी आहे.

आपल्याकडे बहुतेकांनी हे गाणं 'बुएना विस्ता सोशल क्लब' या १९९७ च्या अल्बममुळे ऐकलं असेल. ओमारा पोर्तुओन्दो मुख्य आवाजात आणि खाली कॉम्पाय सेगुंदो. १९९६ च्या मार्चमध्ये हवानातल्या एग्रेम स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं, तेव्हा ओमारा ६५ वर्षांची होती आणि कॉम्पाय ८८ वर्षांचा. गाणं मात्र त्याहून खूप जुनं, १९३५ चं.

माझ्या शब्दांत त्याचा आशय असा. तुझं माझ्यावर प्रेम उरलेलं नाही, मग माझं तुझ्यावर आहे याचं तुला काय? सरून गेलेलं प्रेम आठवू नये. एके काळी मीच तुझं स्वप्न होते. आता मी तुझा भूतकाळ झाले, आणि हे मला मान्य करता येत नाही. मनाला हवं ते मिळवता आलं असतं, तर वीस वर्षांपूर्वी करायचास तेवढंच प्रेम तू आजही केलं असतंस. आणि शेवटी, प्रेम हातातून जाताना नुसतं बघत राहावं लागतं ते दुःख: जिवाचा एक तुकडा, जराही दया न दाखवता तोडून नेलेला.

सरलेलं प्रेम आठवू नये असं ती सुरुवातीलाच सांगते आणि पुढचं सगळं गाणं तेच आठवत राहते. दुसरं म्हणजे ती 'परत ये' म्हणत नाही. तिला त्याचं ते पूर्वीचं प्रेम करणं हवंय, तेवढंच, त्याच मापाने. आणि ते मिळणार नाही हे तिने त्याच वाक्यातल्या 'तर'मध्ये कबूल करून टाकलंय.

आता गाण्यामागची हकीकत. चाल मारिया तेरेसा वेराची. तिचा जन्म १८९५ चा, हवानाच्या पश्चिमेला ग्वानाहाय नावाच्या गावातला. क्युबात गुलामगिरी कायद्याने संपली १८८६ मध्ये, म्हणजे जेमतेम नऊ वर्षं आधी. या काळ्या मुलीच्या घरची माणसं गावातल्या आराम्बुरू कुटुंबाकडे कामाला होती. त्या घरातली गिएर्मिना आराम्बुरू ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण. गाण्याचे शब्द गिएर्मिनाचे. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचं मन उडालं, तेव्हा तिने हे लिहिलं आणि मैत्रिणीच्या हवाली केलं, ते एका अटीवर: माझं नाव कुठे येऊ द्यायचं नाही. क्युबात ही हकीकत अशीच सांगतात. अनेक वर्षं गाणं एकट्या मारिया तेरेसाच्या नावावर होतं.

जिचं दुःख तिने नाव लपवलं, आणि जिने गायलं तिने ते स्वतःचं असल्यासारखं आयुष्यभर वागवलं. मी हे गाणं एकीचं म्हणून ऐकूच शकत नाही. तुम्हाला ते कसं ऐकू येतं, ते इथे लिहा. मोकळेपणाने लिहा.

केळफूल

फार सुंदर धागा, निळावंतीताई. मी फक्त ओमाराचं ऐकलंय. 'बुएना विस्ता सोशल क्लब'वरच्या चित्रपटात ती हवानाच्या गल्लीतून चालता चालता हेच गाते आणि वाटेतली एक बाई सहज तिच्या सुरात सूर मिसळते. तिला शब्द शोधावे लागत नाहीत. गाणं त्या गावात किती मुरलंय ते तेवढ्यात कळतं.

तंबोरा

ओमाराच्या घरी ग्रामोफोन नव्हता. आईवडीलच मुलांना गाणी म्हणून दाखवायचे आणि तिचं शिक्षण तिथूनच सुरू झालं. वडील काळे, बेसबॉलचे नावाजलेले खेळाडू. आई सुखवस्तू स्पॅनिश घरातली. हे लग्न आईच्या माहेरी रुचण्यासारखं नव्हतं. अशा घरात दोघांनी मिळून गायलेली जुनी प्रेमगीतं पोरीच्या कानावर पडत होती, हे तिचं गाणं ऐकताना माझ्या मनात असतं.

मला लिहायचंय ते खालच्या आवाजाबद्दल. क्युबाच्या जुन्या 'त्रोवा' परंपरेत, म्हणजे गिटार घेऊन गाणाऱ्या कवी-गायकांच्या परंपरेत, जोडीने गायची पद्धत आहे. एकाचा 'प्रीमा', दुसऱ्याचा 'सेगुंदो'. प्रीमा चाल सांगतो. सेगुंदो त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या किंवा सहाव्या सुराचं अंतर ठेवून चालतो, पण नुसती सावली धरून नाही. मध्येच थांबतो, मागून येतो, एखाद्या शब्दावर वेगळीच वाट काढतो.

कॉम्पाय सेगुंदोचं खरं नाव फ्रान्सिस्को रेपिलादो. 'सेगुंदो' हे नाव त्याला या दुसऱ्या आवाजामुळेच पडलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस 'लोस कॉम्पाद्रेस' नावाची जोडी जमली. तिच्यात लोरेन्सो इएर्रेस्वेलो हा कॉम्पाय प्रीमो आणि हा कॉम्पाय सेगुंदो. आणि हा लोरेन्सो कोण? १९३७ पासून जवळजवळ २५ वर्षं मारिया तेरेसा वेराच्या बाजूला बसून तिचा दुसरा आवाज झालेला माणूस! म्हणजे लोरेन्सो मारिया तेरेसाचा सेगुंदो आणि कॉम्पायचा प्रीमो. १९९६ मध्ये कॉम्पाय ओमाराबरोबर हे गाणं गायला बसला तेव्हा ज्या माणसाने ते मूळ गायिकेसोबत पंचवीस वर्षं गायलं, त्याच्याच शेजारी त्याने उमेदीची वर्षं काढलेली होती. कुठल्या अक्षरावर थांबायचं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मारिया तेरेसाचा त्याआधीचा जोडीदार राफाएल सेकेइरा. दोघांनी मिळून शंभराहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यातली बरीच न्यूयॉर्कला जाऊन. १९२४ मध्ये तो वारला. आपला दुसरा आवाज जाणं म्हणजे काय, हे तिला हे गाणं करायच्या आधीपासून ठाऊक होतं.

निळावंती

तंबोरा, लोरेन्सोचा दुवा मी असा जोडून पाहिलाच नव्हता. आता कॉम्पायचा आवाज वेगळाच ऐकू येईल. मनापासून आभार.

पारंबी

गाणं मलाही प्रिय आहे. पण बुएना विस्ताची आवृत्ती फार आदबशीर वाटते. जुन्या घरातली चांगली भांडी काढून मांडावीत तशी. यातलं दुखणं मला बेबो वाल्देस आणि दिएगो एल सिगाला यांच्या २००३ च्या ध्वनिमुद्रणात सापडलं. बेबो पियानोवर, सिगाला गायला. सिगाला माद्रिदचा जिप्सी, फ्लामेन्को हे स्पेनमधलं पारंपरिक संगीत गाणारा. आवाज खरबरीत, चाल सरळ नेतच नाही. शब्द दाताखाली धरतो आणि सोडतो.

आणि बेबो! १९४० आणि ५० च्या दशकांतल्या हवानात त्याचं मोठं नाव होतं. १९६० मध्ये देश सोडला. बायकामुलं मागे राहिली. पुढे स्टॉकहोममध्ये त्याने दुसरा संसार मांडला आणि हॉटेलांमधून पियानो वाजवत दशकं काढली. त्याचा मुलगा चूचो पुढे स्वतः मोठा पियानोवादक झाला. १९७८ मध्ये चूचो आपला बँड घेऊन न्यूयॉर्कला वाजवायला आला, तेव्हा कुठे बापलेक भेटले. बेबो क्युबात परत गेला नाही. २०१३ मध्ये तो वारला. चौऱ्याऐंशीच्या आसपास वय असताना तो हे गाणं वाजवतो, तेव्हा हात कुठेही घाई करत नाहीत. दोन सुरांमध्ये तो जी जागा ठेवतो, तिथे मला सगळं ऐकू येतं.

अनिरुद्ध_माद्रिद

पारंबी, तुमच्याशी सहमत. इथे माद्रिदमध्ये तो अल्बम खूप वाजला. आणि इथल्या क्युबन लोकांसाठी हे गाणं नवराबायकोपुरतं राहिलेलं नाही. आमच्या इमारतीत एक क्युबन आजी राहतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, कुणाकडे हे गाणं लागलं की त्या स्वयंपाकघरातून गाऊ लागतात. पण मुख्य चाल कधीच गात नाहीत, कायम खालचा आवाज धरतात. मी एकदा विचारलं. म्हणाल्या, वरचा आवाज थोरल्या बहिणीचा. बहीण तिकडे क्युबात, सांतियागोला आहे.

ओमाराचीही तीच गत. तिची बहीण आयदे आणि ती 'क्वार्तेतो द'आइदा' या चौघींच्या गटात एकत्र गायच्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि क्युबाचे संबंध तुटले. ओमारा हवानाला परतली, आयदे अमेरिकेत राहिली. पुढची सगळी वर्षं मध्ये समुद्र. मग 'तू पूर्वीसारखं प्रेम करशील तर' हे शब्द अख्खी बेटं आणि शहरं एकमेकांना म्हणतात असं वाटायला लागतं.

पारंबी

अनिरुद्ध, आजींची गोष्ट मनाला लागली. तरी एक हरकत नोंदवते. गाणं १९३५ चं. क्युबातली क्रांती १९५९ ची. मधे चोवीस वर्षं आहेत. हे गाणं देश सोडण्याबद्दल लिहिलेलं नाही, एका बाईने आपल्या नवऱ्याला उद्देशून लिहिलंय. त्याच्यावर इतिहास इतका लादला की गिएर्मिना पुन्हा अदृश्य होते. एकदा तिने स्वतःच नाव लपवलं, आता आपण तिला बेटाच्या आड लपवतोय.

मधुमालती

पहिल्यांदाच लिहिते आहे. पारंबींनी गिएर्मिनाचं नाव घेतलं म्हणून लिहावंसं वाटलं.

मी अनेक वर्षांच्या संसारानंतर वेगळी झाले. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती. एका घरात राहत होतो, त्याच टेबलावर जेवत होतो. फक्त मी खोलीत आले की पूर्वी त्यांचा चेहरा बदलायचा, तो बदलेनासा झाला. हे कुणाला सांगायचं कसं? आईला सांगितलं तर म्हणाली, एवढ्या वर्षांनी सगळ्यांचंच तसं होतं. माहेरी, सासरी, मैत्रिणींत, कुणालाच यात तक्रार करण्यासारखं काही दिसेना. म्हणून निळावंतीताईंनी लिहिलेलं, की ती माणूस मागत नाही, पूर्वीचं करणं मागते, ते वाचून मी बराच वेळ थांबले. नेमकं तेच आहे. माणूस होताच की घरात.

एका गोष्टीत मात्र मला वेगळं वाटतं. गाणं सौम्य आहे, त्यात दोष दिलेला नाही, असं बरेच जण म्हणतात. मला तसं ऐकू येत नाही. 'मला मान्य करता येत नाही' हे तिने स्पष्ट म्हटलंय. शेवटी 'दया न दाखवता' म्हटलंय. कुणी दया दाखवली नाही ते सांगितलेलं नाही, एवढंच. ज्याने आपलं काही वाईट केलेलं नाही, त्याच्यावर रागवायचं कसं? राग तर असतो. तो मग कुणाच्याच नावावर न टाकता बोलावा लागतो. तिने ते करून दाखवलंय आणि मला ते फार धीराचं वाटतं.

आणि नाव लपवण्याचंही मला कळतं. लहान गाव, ओळखीचं घर. गाणं गाजलं असतं तर बाजारात जाताना प्रत्येकाने तिच्याकडे 'हीच ती' म्हणून पाहिलं असतं. आपलं दुःख लोकांनी ऐकावं असं वाटतं, पण आपल्याकडे बघत बघत ऐकू नये.

निळावंती

मधुमालतीताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल कसे आभार मानू कळत नाही. राग कुणाच्याच नावावर न टाकता बोलायचा, हे मी या गाण्यात कधी ऐकलं नव्हतं. तुमचं वाचून लगेच लावलं आणि 'दया' हा शब्द ओमारा कसा सोडते ते परत परत ऐकलं. ती तिथे आवाज चढवत नाही. उलट थोडा खाली आणते.

नाव लपवण्याविषयी थोडी भर. क्युबात घटस्फोटाचा कायदा १९१८ मध्येच झाला होता, लॅटिन अमेरिकेत तो फार लवकर झालेल्यांपैकी एक. बायकांना मतदानाचा हक्क १९३४ मध्ये मिळाला. म्हणजे १९३५ मध्ये गिएर्मिनाच्या बाजूने कायदा बऱ्यापैकी उभा होता. तरीही तिला आपलं नाव एका गाण्याखाली घालता आलं नाही. तुम्ही म्हणता ते बाजारातलं बघणं कायद्याने थांबत नाही.

सांजवेळ

आपल्याकडे ज्ञानदेवांच्या विरहिणी आहेत, आणि नंतरच्या कितीतरी विराण्या. पण तिथे पुरुष स्त्रीचा आवाज घेऊन विरह बोलतो, आणि ज्याच्यासाठी झुरायचं तो प्रत्यक्ष विठ्ठल असतो. तो येईल ही आशा त्या झुरण्याच्या मुळाशी आहे. 'वेइन्ते आन्योस'मध्ये शब्दही बाईचे, चालही बाईची, आणि येण्याची आशा शून्य. बोलेरो, म्हणजे क्युबातली संथ प्रेमगीतं, आणि त्रोवा यांतली शेकडो गाणी पुरुषांनी 'ती निर्दयी' म्हणून रचलेली आहेत. त्या गर्दीत हे गाणं म्हणून वेगळं उठून दिसतं.

मी स्पॅनिश शिकताना आमच्या शिक्षिकेने या गाण्याचं वृत्त उलगडून दाखवलं होतं. प्रत्येक ओळ आठ अवयवांची, म्हणजे उच्चारातल्या आठ अक्षरांची. ओळीचा शेवट आघाताच्या अक्षरावर झाला तर सात अवयव असले तरी ते आठ धरतात. स्पॅनिशमधली जुनी लोकगीतं, कथागीतं बहुतेक याच मापात आहेत. बहिणाबाईंच्या ओव्यांची आठ अक्षरांची चरणं लहानपणापासून जिभेवर असल्यामुळे मला हे माप लगेच आपलंसं वाटलं. आठ अक्षरांत माणूस एका श्वासात एक साधी गोष्ट सांगू शकतो. दागिने घालायला जागाच नाही. गिएर्मिनाने एकही उपमा फुलापाखरांची, चंद्राची वापरलेली नाही. शेवटचा तो जिवाचा तुकडा सोडला, तर सगळं गाणं समोरासमोर बोलल्यासारखं आहे.

मडगांवकर

वृत्तावरून आठवलं. गोव्यातला मांडोही प्रेमाचा आणि बहुतेक वेळा न मिळालेल्या प्रेमाचा. गती संथ. आवाज दोन, तिसऱ्या आणि सहाव्या सुराच्या अंतराने चालणारे. तंबोरांनी वर लिहिलेलं वाचून मी दचकलोच, कारण आमच्या घरी लग्नात मावशी आणि काका मांडो गायचे ते नेमकं असंच. युरोपातल्या दरबारी नाचांचे अवशेष हवानालाही गेले आणि गोव्यालाही, एक स्पॅनिश जहाजांतून, एक पोर्तुगीज जहाजांतून. पुढे दोन्हीकडच्या माणसांनी आपापलं दुःख त्यात ओतलं. मांडो कोंकणी, आणि तालही वेगळा. त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं म्हणणार नाही. पण जोडीने गाऊन विरह सांगायची सवय सारखी आहे.

एक प्रश्न. या गाण्याला काही ठिकाणी बोलेरो म्हटलंय, काही ठिकाणी हबानेरा. खरं काय?

तंबोरा

हबानेरा. बोलेरोचा उगम सांतियागोचा. पेपे सांचेस या शिंप्याने १८८० च्या दशकात पहिला बोलेरो रचला असं मानतात. हबानेरा त्याहून जुनी. इंग्लंडमधला गावठी नाच फ्रान्समध्ये गेला, तिथून स्पेनमध्ये आणि कॅरिबियनमध्ये. १७९१ च्या उठावानंतर हैतीतून पळून आलेले लोकही तो क्युबात घेऊन आले. तिथे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी तो वाजवायला घेतला आणि ठेका वाकला.

तबला वाजवणाऱ्यांसाठी सांगतो. आठ मात्रांचा केरवा डोळ्यांसमोर आणा. हबानेराचे ठोके पहिल्या, चौथ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर. म्हणजे तीन, एक, दोन, दोन. ती चौथी मात्रा पाचवीला इतकी चिकटून येते की पाऊल अडखळल्यासारखं वाटतं, आणि पुढचे दोन ठोके त्याला सावरतात. हे संबंध गाणं त्या अडखळण्यावर उभं आहे. शब्द सरळ, आठ अक्षरांचे. खाली पाऊल सारखं ठेचकाळतंय. बोलेरोच्या गुळगुळीत चालीत हे बसवून ऐका, पुष्कळांनी तसं गायलंयही, छान वाटतं. पण मला ते पटत नाही.

हाच ठेका हबानेराच्या रूपात परत युरोपात गेला. फ्रेंच संगीतकार बिझेने १८७५ च्या 'कार्मेन' या ऑपेरात वापरला तो हाच. तिथली चाल बिझेला लोकगीत वाटली होती, प्रत्यक्षात सेबास्तियान इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराची निघाली. स्पेनच्या किनाऱ्यावर क्युबाला जाणारे-येणारे खलाशी हबानेरा गायचे. तोर्रेव्हिएखा नावाच्या मिठागरांच्या गावात १९५५ पासून दर वर्षी हबानेरा गाण्याची स्पर्धा भरते.

अनिरुद्ध_माद्रिद

तोर्रेव्हिएखाला मी गेलोय. समुद्राकाठी मोठे समूह एकत्र गातात. तिथल्या हबानेरांमध्ये निरोप फार असतो, कारण माणूस जहाजावर चढलेला असतो. 'वेइन्ते आन्योस'मध्ये कुणीच निघत नाही. आता पारंबींची हरकत मला जास्त पटते आहे. हबानेरा मुळात निरोपाची, आणि गिएर्मिना-मारिया तेरेसाने ती घरातल्या घरात आणली. इथल्या क्युबन लोकांनी तिला परत जहाजावर चढवलं, तेही त्यांच्या परीने खरंच आहे. दोन्ही राहू देत.

पारंबी

राहू देत. आजींना मी नाही म्हणणार नाही.

केळफूल

एक विचारू का? फ्रान्समधल्या एका फ्रेंच-कोरियन कुटुंबातली दोन लहान मुलं वडिलांच्या गिटारवर हे गाणं गातात, तो व्हिडिओ काही वर्षांपूर्वी खूप फिरला होता. मुलगी आठेक वर्षांची असेल. ती डोळे मिटून गाते. मला रडू आलं होतं. पण आता हा सगळा धागा वाचल्यावर प्रश्न पडला, जिला वीस वर्षं म्हणजे काय हेच माहीत नाही तिच्या तोंडून हे का पोचतं?

सांजवेळ

मला तो व्हिडिओ अवघडल्यासारखा करतो. मुलगी सुरेल आहे, प्रश्न तिचा नाही. पण ऐकणारे लोक तिच्या गाण्यात आपलं दुःख बघून खूश होतात आणि गाणाऱ्या बाईला काही सांगायचं होतं हे विसरतात. मारिया तेरेसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणात मुळीच लाडिकपणा नाही. ती सरळ, थोड्या कोरड्या आवाजात सांगून टाकते.

मधुमालती

मला तो व्हिडिओ आवडतो. का ते सांगते. मोठ्या बाईने हे गायलं की मी लगेच तिचं वय मोजते, तिचं काय झालं असेल याचा अंदाज बांधते. त्या मुलीच्या बाबतीत तसं काही करता येत नाही. त्यामुळे शब्द एकटेच समोर येतात. गिएर्मिनालाही तेच हवं होतं ना, की शब्द ऐकावेत आणि बाईकडे बघू नये?

सांजवेळ

मधुमालतीताई, याचं माझ्याकडे उत्तर नाही. पुन्हा ऐकते.

निळावंती

केळफूल, तू खासगी निरोपात विचारलंस म्हणून इथेच लिहिते, म्हणजे सगळ्यांना उपयोगी पडेल. आधी मारिया तेरेसा आणि लोरेन्सोचं जुनं ध्वनिमुद्रण ऐक. आवाज दूरचा येतो, खरखर आहे, तरी सुरुवात त्यानेच कर. नंतर ओमारा आणि कॉम्पाय. त्यात आधी एकदा फक्त ओमाराकडे लक्ष दे, मग दुसऱ्यांदा फक्त कॉम्पायकडे. मग बेबो आणि सिगाला. सिगाला शेवटी ठेवावा असं माझं मत, कारण त्याने चाल इतकी मोडली आहे की मूळ कानात नसेल तर काय मोडलंय ते कळणार नाही.

पारंबी

मी उलटं सुचवीन. सिगालापासून सुरुवात कर. आधी लागू दे, मग शिक.

मडगांवकर

तंबोरा, केरव्यावरचं ते तीन-एक-दोन-दोन मी टेबलावर वाजवून बघितलं. चौथ्या मात्रेवर हात खरंच अडखळतो. आता एक मागणी. कॉम्पायच्या दुसऱ्या आवाजाबद्दल अजून लिहा. त्याच अल्बममध्ये दुसरं कुठलं गाणं आहे का, जिथे तो आवाज नीट वेगळा ऐकू येईल?

तंबोरा

आहे. 'वेइन्ते आन्योस'च्या लगेच आधीचं, 'इ तू के आस एचो', म्हणजे 'आणि तू काय केलंस?' रचना एउसेबियो देल्फीनची, १९२० च्या दशकातली. एक मुलगी झाडाच्या खोडावर आपलं नाव कोरते. झाड आतून हलतं आणि तिच्यासाठी एक फूल टाकतं. मग झाड म्हणतं, मी तुझं नाव अजून सालीवर जपून ठेवलंय; तू माझ्या फुलाचं काय केलंस? जातीने 'वेइन्ते आन्योस'च्या अगदी जवळचं आहे. इथेही एक जण विसरलंय आणि एकाला विसरता येत नाहीये, फक्त बोलणारं झाड आहे.

हे गाणं कॉम्पायने एकट्याने गायलंय, दोन्ही आवाजांत. आधी एक आवाज ध्वनिमुद्रित केला, मग त्याच्यावर स्वतःच दुसरा चढवला. आयुष्यभर दुसऱ्याच्या खाली गायलेला माणूस इथे स्वतःच्याच खाली गातो. हेडफोन लावून ऐका, खालचा आवाज कुठे थांबतो आणि वरच्याला पुढे जाऊ देतो ते सापडेल. ते एकदा सापडलं की पुढचंच गाणं ओमाराबरोबरचं आहे, तिथे तोच थांबा पुन्हा ऐकू येतो. मडगांवकर, मांडो गाणाऱ्या तुमच्या मावशींना हे नक्की ऐकवा आणि त्या काय म्हणतात ते इथे लिहा.